चोवीस चिंचोके

दहावीची परीक्षा संपलेली असते आणि निकाल अजून लागलेला नसतो, त्या मधल्या दिवसांना कुणी नाव दिलेलं नाही. सुट्टी म्हणावी तर सुट्टीसारखं हलकं वाटत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी सध्या त्याच दिवसांत आहे. सकाळी दहा वाजता पायरीवर बसून पायाची नखं रंगवते आणि दुपारी तीच नखं खरवडून काढते. आई वरून ओरडते, ही ऐकत नाही. शाळेनं सोडलेलं, कॉलेजनं अजून धरलेलं नाही, असं ते वय. दर मे महिन्यात असं एखादं पोर माझ्या नजरेला पडतं. ऑफिसला जाताना स्टँडवर चंदगडची गाडी लागलेली असते, उतरणाऱ्यांच्या पिशव्यांतून काजूच्या बोंडांचा गोड-तुरट वास येतो, आणि मला आबांचा आवाज ऐकू येतो. "हं. पुढचं."

मी याद्या करणारी बाई आहे. एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. बैठक क्रमांक, हजेरीपट, गुणपत्रिका. एक नाव सुटलं तर एका मुलाचं वर्ष जातं, म्हणून मी प्रत्येक यादी दोनदा मोजते, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. ऑफिसातले लोक म्हणतात, मॅडम जेवायच्या आधी डब्यातल्या चपात्यापण मोजून घेतात. घेते. त्यांना हसायला काही तरी लागतं, आणि मला चपात्या किती आहेत ते माहीत असायला लागतं. घरी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो. झालेल्या कामावर रेघ मारायची, राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर उतरवायचं. एवढ्या एका सवयीवर माझा संसार आणि नोकरी, दोन्ही नीट चाललं.

पण गेलं वर्षभर मी थकले आहे. आजारी नाही, डॉक्टरांनी सगळं तपासून पाहिलं. आबा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला आता सव्वा वर्ष झालं. माणूस एकदाच जातो, पण त्याचं नाव एकेका कार्यालयातून वेगळं काढावं लागतं. पेन्शन, रेशनकार्ड, विजेचा मीटर, गॅस, मतदार यादी. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला, त्याची झेरॉक्स, झेरॉक्सवर सही. मी ते सगळं केलं, क्रमानं केलं, एकही खेप फुकट घालवली नाही. आणि शेवटच्या कामावर रेघ मारली त्या दिवशी खुर्चीत बसले ती उठावंसंच वाटेना. तेव्हापासून हा थकवा आहे. रात्रभर झोपूनही सकाळी तो माझ्या आधी उठून बसलेला असतो.

फ्रिजवरच्या कागदावर एकच शब्द तेवढा रेघ न मारता राहिला होता. म्युझियम. एका कागदावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असा तो मी किती वेळा उतरवला कोण जाणे. माझ्याकडे एखादं काम इतके दिवस राहत नाही.

आमचं जुनं घर चर्चच्या मागच्या भिंतीला लागून होतं. आम्ही शेतकऱ्यांच्या घरातले, देव्हाऱ्यात जोतिबा; पण वेळ कळायची ती चर्चच्या घंटेवरून. चर्चच्या आवारात, कडुलिंबाखाली, दगडी भिंतींची एक बसकी कौलारू इमारत आहे. दोनच खोल्या. तिला सगळे दप्तरघर म्हणायचे. मंडळीत कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला माती दिली, त्या सगळ्या नोंदींच्या वह्या तिथं. कोल्हापुरातल्याच नाही, गडहिंग्लज, वडगाव, कुठकुठल्या खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांचं आलं-गेलं तिथं लिहिलेलं. आता मंडळीतल्या लोकांनी त्या दोन खोल्यांचं छोटंसं म्युझियम केलं आहे. ते सांभाळतात शांतवन काका. वीज मंडळातून निवृत्त झाले, आबांचे मित्र, आणि मला लहानपणापासून ओळखणारे. त्यांचा दर महिन्याला फोन यायचा. तुझ्या आबाची वही काचंत ठेवलीया, सगळं कोल्हापूर बघून गेलं, तू तेवढी यायची हाईस. मी म्हणायचे, येते काका. आणि तो शब्द नव्या कागदावर उतरवायचे.

आबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. अक्षर असं, की गल्लीतल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकांवरची नावं त्यांनीच घालायची. मी दहावीला होते त्या वर्षी दप्तरघरातल्या जुन्या वह्यांचे कागद सुटायला लागले होते. हात लावला की कोपरे हातात यायचे. तेव्हाचे पाळकसाहेब भिंतीवरून डोकावून आबांना म्हणाले, मास्तर, एवढ्या तीन वह्या नव्या करून द्या. आबा लगेच हो म्हणाले. अडचण एकच होती. त्यांची जवळची नजर गेली होती. नव्या पांढऱ्या कागदावर टाक चालवायला त्यांना अडत नसे, हाताला पाठ होतं. पण तपकिरी कागदावरची तपकिरी झालेली शाई त्यांना दिसेना. मग वाचणार कोण? परीक्षा देऊन मोकळी बसलेली मी होतेच.

मे महिनाभर आम्ही दोघं रोज दुपारी त्या दप्तरघरात बसलो. बाहेर ऊन नुसतं पांढरं. आत दगडाचा गारवा, डांबराच्या गोळ्यांचा वास, कौलातून पडलेलं एक चांदणीएवढं ऊन, ते फरशीवरून हळूहळू सरकायचं. ते टेबलाच्या पायाला लागलं की चार वाजले. आबांची कामाची पद्धत शाळेतली होती. ते पहिलीच्या मुलांना चिंचोक्यांवर मोजायला शिकवायचे, तीच युक्ती त्यांनी इथं आणली. माझ्यापुढं दोन वाट्या. पान उघडलं की मी ओळी मोजायच्या, तेवढे चिंचोके डाव्या वाटीत टाकायचे आणि आकडा सांगायचा. आबा नव्या पानाच्या समासात तेवढे क्रमांक आधीच घालून ठेवायचे. मग मी एक ओळ वाचायची. आबा ती पुटपुटत लिहायचे, शब्दन् शब्द तोंडात घोळवत. लिहून झालं की म्हणायचे, "हं. पुढचं." आणि मी एक चिंचोका उजव्या वाटीत टाकायचा. पान संपलं की ते विचारायचे, "डावी?" मी सांगायचं, "रिकामी." मगच पान उलटायचं.

पहिले आठ दिवस मला मजा वाटली. बाप्तिस्म्याची वही होती, नुसती नावं. एस्तेर, सगुणा, याकोब, भीमराव, मार्था. मग लग्नांची. मग तिसरी वही आली, ती मातीची. नाव, बापाचं नाव, गाव, वय, कारण. कारणं तीच तीच. वयं लहान. सोळाव्या वर्षी माणसाला मेलेल्यांचं दुःख होत नाही, कंटाळा येतो. मी तो लपवत नाही आता.

त्या दुपारी एक पान निघालं तापाच्या साथीचं. स्वातंत्र्याच्या अलीकडेपलीकडे केव्हातरी आलेली साथ. पानभर एकच आठवडा. मी ओळी मोजल्या, चोवीस. आबांना सांगितलं, चोवीस. सगळी मुलंच होती. वय तीन. वय एक. वय पाच. ताप, ताप, ताप. मला दप्तरघराच्या दारातून भिंतीपलीकडे माझ्या मैत्रिणीचं डोकं दिसत होतं. ती सायकल धरून उभी होती. आमचं रंकाळ्यावर जाऊन भेळ खायचं ठरलं होतं, आणि ती दर दोन मिनिटांनी घंटी वाजवत होती. विसावी ओळ झाली. "हं. पुढचं," आबा म्हणाले. डाव्या वाटीत चार चिंचोके होते. मी ते उचलले आणि फ्रॉकच्या खिशात टाकले.

"संपलं की," मी म्हटलं.

आबांनी पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "डावी?"

"रिकामी."

"व्हय?"

"व्हय."

आबांनी टाक पुसला, दौतीला झाकण लावलं आणि म्हणाले, बरं, जा. भेळ तिखट होती. खिशातले चिंचोके सायकलवर मांडीला टोचत होते, ते मी रंकाळ्यात फेकून दिले. दुसऱ्या दिवशी दप्तरघरात बसले तर वाटीत पुन्हा पुरते चोवीस होते. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. आबांनी नवं पान उघडलं. आठवडाभरात वही संपली, निकाल लागला, मी पास झाले, पेढे वाटले. तो उन्हाळा संपला.

संपला असं मी धरून चालले. पुढं नोकरी लागली, याद्या आल्या, आणि वरून खाली मोजून झाल्यावर खालून वर मोजायची सवय कधी लागली ते मला कळलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, आबांची शिस्त. ते अर्धंच खरं होतं.

शेवटच्या वर्षात आबा घराबाहेर पडत नव्हते. गुडघे गेले होते. पण दोन-तीनदा म्हणाले, "एकदा दप्तरघरात जाऊन येऊ. तू आणि मी." मी विचारलं, काय काम आहे? तर म्हणाले, काम असं नाही, थोडं बसू. मी कागदावर लिहिलं. मग रिक्षा, पायऱ्या, खुर्ची, माझी रजा, सगळा विचार करता करता ते पुढच्या कागदावर गेलं. तिथून पुढच्या. आबा गेल्यावर मी तो शब्द बदलून म्युझियम केला, एवढंच.

तर या मे महिन्यात, एका शुक्रवारी, मी अर्धी रजा टाकली. कागदावर चार कामं होती. चष्म्याचं दुकान, बँक, म्युझियम, भाजी. म्युझियमला मी वीस मिनिटं दिली होती.

दारातच शांतवन काका म्हणाले, "चपला भाईर. म्युझियम झालं तरी फरशी मीच पुसतोय." आत तोच गारवा. पायपेटी, तिचा भाता फाटलेला. घंटेचा जुना दोर, माणसाच्या हातांनी काळा पडलेला. मुलींच्या शाळेचा एक फोटो. नऊवारीतल्या पोरी, सगळ्यांनी श्वास रोखून धरलेला. दवाखान्यातली औषधांची लाकडी पेटी. प्रत्येक वस्तूखाली छापील चिठ्ठी, त्यातली एक वाकडी लागलेली. ती सरळ करायला माझा हात गेला आणि मी तो आवरला. कौलं बदलली होती, चांदणीएवढं ऊन आता पडत नव्हतं. आणि मधोमध काचेच्या पेटीत आबांच्या तिन्ही वह्या. त्यांतल्या लग्नांच्या वहीचं एक पान उघडून ठेवलं होतं. तीच अक्षरं. वेलांटी अशी काढायचे, की जणू कुणाच्या डोक्यावर पदर सारखा करतायत. खाली चिठ्ठी होती. "मूळ वह्यांवरून सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या या वह्यांत एकही नोंद सुटलेली नाही."

"मीच लिवलं ते," काका म्हणाले.

मी मान हलवली. घड्याळात पाहिलं. अजून तेरा मिनिटं होती.

भिंतीजवळच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. ऐंशीच्या आसपासची, मांडीवर कापडी पिशवी, पाय जमिनीला पोचत नव्हते. काकांनी ओळख करून दिली. ह्या सारक्का, गडहिंग्लजकडच्या. तिसऱ्यांदा आल्यात. दोन वेळा त्यांच्याबरोबर बसून आपण सगळी मातीची वही वाचली, पण त्यांना पायजे ते नाव त्यात नाही. आता त्यांना कसं समजवायचं ते तूच सांग.

सारक्कांना समजवायची गरज नव्हती, त्यांना बोलायचं होतं. त्या हळू बोलत नव्हत्या. त्यांच्या आईच्या मातीवरचा दगड गेल्या वर्षी झाड पडून फुटला. आता भावंडांच्या पोरांनी मिळून नवा दगड करायला टाकलाय. त्यावर आईचं नाव आणि खाली तिच्या सगळ्या लेकरांची नावं घालायची ठरलं. सात लेकरं. सहा नावं घालून झाली. पहिल्याचं कुणाला ठाऊक नाही. तो सारक्कांच्या जन्माआधी गेला. त्याला ताप आला म्हणून आईबापांनी बैलगाडीतून कोल्हापूरच्या दवाखान्यात आणला, आणि इथंच माती देऊन दोघं मोकळ्या हातानं परत गेले. पुढं आईनं त्याचं नाव कधी घेतलं नाही. थोरला म्हणायची, बास.

"मी इचारलं की म्हनायची," सारक्का म्हणाल्या, "त्येचं नाव कोल्लापुरात लिवून ठेवलंय. मला कशाला इचारता? आव्वाचं हे शेवटपर्यंत. आता हे म्हनत्यात, वहीत न्हाईच. मग आव्वा काय खोटं बोलली व्हय?"

"तसं न्हाई म्हनलं मी," काका म्हणाले. "दुसरीकडं कुठं तरी असंल. ह्या वहीत न्हाई म्हंजे न्हाईच. मास्तरांच्या हातची हाय ती."

"पाथरवट थांबलाय," सारक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या. "सोमवारी सांगतो म्हनलंय त्याला. न्हाईतर नुसतं ‘थोरला’ घाला म्हनतो. दगडावर ‘थोरला’ कसं घालायचं, बाई?"

मी विचारलं, कधी गेला तो? त्या म्हणाल्या, साथ आलती तवा. तापाची.

मला ते पान कुठल्या वहीत, साधारण कितव्या जागी आहे, डावं की उजवं, हे सगळं माहीत होतं. गप्प बसणं किती सोपं होतं, हेही मला तेव्हाच कळलं. वीस मिनिटांतली सात-आठ उरली होती. सारक्का आणखी अर्ध्या तासानं उठल्या असत्या, एसटीत बसल्या असत्या, दगडावर थोरला लागला असता. काचेतल्या वहीखालची चिठ्ठी तशीच राहिली असती, आणि येणारा-जाणारा आबांचं नाव काढून पुढं गेला असता. आबांच्या नावाचं एवढं एकच ठिकाण उरलं आहे जिथून ते मला काढावं लागलेलं नाही. आणि मी खरंच थकले होते. बाकीचं सगळं बाजूला ठेवलं तरी तेवढं पुरेसं होतं. त्या दुपारीही मी काही वाईट मुलगी नव्हते. थकलेली होते आणि कुणी तरी भिंतीपलीकडे घंटी वाजवत होतं. नावं अशीच सुटतात. कुणी ठरवून पुसत नाही. ज्याच्या हातात यादी असते त्याला घरी जायचं असतं.

"काका, काच उघडा," मी म्हटलं. "तिसरी वही द्या."

त्यांनी किल्ली शोधली. ती सापडेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. मैत्रीण, भेळ, चिंचोके. काका किल्ली हातात धरून उभेच राहिले. सारक्का ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं.

मी पान काढलं. आबांनी क्रमांक घातले होते तसेच, समासात एक ते चोवीस. विसाव्या ओळीपर्यंत अक्षर भरलेलं. खाली एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, असे नुसते आकडे, पुढं कोरी जागा. त्या आकड्यांचा मी सोळाव्या वर्षी विचारच केला नव्हता. मी आकडा सांगितला तेव्हाच त्यांनी ते घालून ठेवले होते, आणि मी रिकामी म्हणाले तेव्हा ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आणि त्या चार आकड्यांना मिळून एक महिरप, पेन्सिलीची, बारीक. तिच्याशेजारी आबांच्या अक्षरात दोन शब्द.

वाचणे बाकी.

‘सुटले’ नाही. ‘फाटले’ नाही. वाचणे बाकी.

काका म्हणाले की ते त्यांनी पाहिलं होतं, पण मूळ वहीच वाचता येत नसेल असं धरलं. मास्तरांनी सोडलं म्हणजे काही कारण असणार. आबांना दुसरा वाचणारा मिळाला नसता असं नाही. पाळकसाहेब पलीकडेच राहायचे. शाळेत चार मास्तर होते. चार ओळींचं काम. ते माझ्यासाठी ठेवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं, आणि सदतीस वर्षांनी गुडघे गेल्यावर म्हणाले, थोडं बसू. मी विचारलं होतं, काय काम आहे.

मूळ वह्या आतल्या खोलीत लोखंडी पेटीत, मांजरपाटात बांधून ठेवल्या होत्या. काकांनी गाठ सोडली. पान सापडायला वेळ लागला नाही. एक कोपरा गेला होता, पण ओळी सगळ्या होत्या. मला वाटलं होतं निदान शाई उडाली असेल. नव्हती. अगदी वाचता येण्यासारखं होतं. तेव्हाही असणार.

मी चष्मा सारखा केला आणि एकविसाव्या ओळीवर बोट ठेवलं. एक मुलगी होती, वडगावची, वय चार. काका आबांच्या वहीपुढं बसले आणि पेन काढलं. मी म्हटलं, काका, ही म्युझियमची वस्तू आहे. ते म्हणाले, "म्युझियम गेलं खड्ड्यात. तू वाच." त्यांचं अक्षर म्हणजे शेणावरून कोंबडी गेल्यासारखं. बाविसावा कोल्हापूरचाच, वय एक. तेविसावी ओळ वाचायला लागले आणि सारक्कांच्या बापाचं नाव आलं तशा त्या बाकावरून उतरल्या.

"दानियेल," मी वाचलं. "बाप येशबा, राहणार गडहिंग्लज, वय दोन, ताप."

त्या माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नसावं, किंवा दिसत नसावं. मी बोट ठेवलं होतं तिथं त्यांनीही एक बोट टेकवलं.

"दानियेल," त्या म्हणाल्या. अगदी सावकाश, तोंडात घोळवत, आबा लिहिताना म्हणायचे तसं. "दानियेल येशबा." मग थोड्या वेळानं, दुसऱ्याच आवाजात, "दान्या म्हनत असंल आव्वा."

काका लिहायचे थांबले होते. मी चोविसावी ओळ वाचली, ती त्यांनी लिहिली. सारक्कांसाठी मी माझ्या कामांच्या कागदाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून दिलं, पाथरवटाला देण्यासाठी. एकेक अक्षर सुटं. दोनदा तपासलं. काकांना म्हटलं, आता ती चिठ्ठी काढा. ते म्हणाले, राहू दे की, आता तर कुठलीच सुटलेली नाही. मी म्हटलं, नाही, काढा. त्यांनी नखानं उचकटली. चिकटपट्टीचा चौकोन काचेवर राहिला.

माझी वीस मिनिटं केव्हाच संपली होती. बँक आता बंद होणार होती, भाजी राहणार होती. मी वही बंद करायला घेतली.

"बाई," सारक्का म्हणाल्या, "वरचीबी वाचा की. सगळी एकाच आठवड्यात गेल्यात न्हवं? आमच्या थोरल्याची सोबत ती."

वीस ओळी. घसा कोरडा पडला होता, पाठ भरून आली होती. बाहेर ऊन नुसतं पांढरं, तसंच. भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. मी काकांकडून पाणी मागून प्याले, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. एकेक नाव वाचलं, बापाचं नाव, गाव, वय. ताप. सारक्का प्रत्येक नाव माझ्या मागून म्हणत होत्या, म्हणून घाई करता येत नव्हती. विसाव्यानंतर मी थांबले नाही. एकवीस, बावीस. तेविसाव्याला त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा झाला. चोवीस.

कुणी विचारलं नव्हतं. तरी पान मिटताना माझ्या तोंडून गेलं, "रिकामी."